उत्तन, डोंगरी, राईत दुकान काढताय? नियम मसुद्यात असतानाच बोला

राई, मुर्धे, मोर्वा, डोंगरी, तारोडी, पाली, चौक, उत्तन. पूर्वेकडे काशी, चेणे, वरसावे, घोडबंदर. मिरा-भाईंदरच्या यांपैकी एखाद्या गावात रस्त्याला लागून तुमची वडिलोपार्जित जागा आहे आणि तिथे चार गाळे, खानावळ, लहानसं लॉज किंवा लग्नाचा हॉल काढायचा विचार आहे, तर पहिला रुपया सिमेंटवर घालू नका. आधी तीन गोष्टी शोधा. तुमच्या जागेवर कुठला झोन आहे? समोरचा रस्ता कागदावर किती रुंद आहे? आणि त्या झोनचे किंवा रस्त्याचे नियम बदलण्याचा एखादा मसुदा सध्या हरकतींसाठी खुला आहे का? पहिल्या दोन उत्तरांना मामुली शुल्क पडतं. तिसऱ्याला तर काहीच पडत नाही आणि तुमचा सर्वांत मोठा खर्च तिथेच वाचू शकतो.

मसुदा हरकतींसाठी खुला असतो तेव्हा एका साध्या कागदावरचा अर्जही ऐकून घ्यावा लागतो. तोच मसुदा मंजूर झाला की त्यातली एक रेघ हलवायला मंत्रालयापर्यंत जावं लागतं. गावातल्या बहुतेकांना मसुदा कळतो तो मुदत संपल्यावर, आणि मग ‘करून देतो’ म्हणणारी माणसं दारात येतात.

नियम कुठे ठरतात

दुकान किती मजली, पुढे किती जागा सोडायची, पार्किंग किती, कुठल्या झोनमध्ये हॉटेल चालतं, हे महापालिका स्वतःच्या मर्जीने ठरवत नाही. मुंबई महापालिका, एमआयडीसी, पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रं अशी काही ठिकाणं सोडली, तर राज्यभर एकच नियमावली लागू आहे. तिचं नाव एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली. आर्किटेक्टच्या तोंडी ‘यूडीसीपीआर’. २०१९ मध्ये तिचा मसुदा आला, डिसेंबर २०२० मध्ये मंजुरी मिळाली आणि तेव्हापासून तिच्यात फेरबदल होतच आहेत. त्यामुळे दुकानात मिळणारी छापील प्रत जुनी असू शकते. नगरविकास विभागाच्या संकेतस्थळावर नियमावली आणि फेरबदल फुकट मिळतात, तिथलंच ताजं पाहा.

नियमावली राज्याची असली तरी नकाशा शहराचा असतो. मिरा-भाईंदरची जुनी विकास योजना १९९७ ची आहे आणि सुधारित योजनेचा मसुदा २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘मसुदाच तर आहे’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४६ नुसार परवानगी देताना प्रसिद्ध झालेला मसुदाही विचारात घ्यावा लागतो. म्हणून जुनी मंजूर योजना आणि नंतर निघालेलं सगळं, दोन्ही तपासायचं.

उत्तनच्या बाजूला आणखी एक प्रश्न विचारा. गोराई-मनोरी-उत्तन पट्ट्यासाठी सरकारने एमएमआरडीएला विशेष नियोजन प्राधिकरण नेमलं होतं. माझ्या सर्व्हे नंबरसाठी आज नियोजन प्राधिकरण कोण, हे महापालिकेच्या नगररचना विभागाकडून लेखी घ्या. तोंडी उत्तरावर प्लॅन काढून घेतलात आणि प्राधिकरण दुसरंच निघालं, तर आर्किटेक्टची फी पुन्हा भरावी लागेल.

चेणे, वरसावे, घोडबंदरकडची जागा असेल तर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाभोवतालच्या पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राची अधिसूचना पाहा. ती डिसेंबर २०१६ ची आहे. या क्षेत्राची रुंदी कुठे १०० मीटर आहे, तर कुठे ४ किलोमीटर. शेजाऱ्याच्या ढाब्याला परवानगी मिळाली म्हणून तुम्हालाही मिळेल, हा हिशेब इथे चालत नाही.

आधी जमवायचे कागद

सातबारा. डिजिटल स्वाक्षरीचा उतारा महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपयांना मिळतो आणि सरकारी कामाला चालतो. त्यासाठी कुणी शंभर-दोनशे मागत असेल तर ती त्याची मजुरी आहे, सरकारी फी नाही. सिटी सर्व्हे झालेला असेल तर मिळकत पत्रिकाही काढा.

सातबारा हातात आला की आधी दोन ठिकाणी नजर टाका. पहिलं, भूधारणा पद्धत. तिथे ‘भोगवटादार वर्ग २’ असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय व्यवहार करता येत नाही. आदिवासी खातेदाराची जमीन असेल तर महसूल संहितेचं कलम ३६अ लागतं, तिथे नोटरीचा करार कामाचा नाही. दुसरं, ‘इतर हक्क’ हा रकाना. मिरा-भाईंदरच्या कितीतरी सातबाऱ्यांवर इथे एका जुन्या इस्टेट कंपनीचं नाव दिसतं आणि तिच्या ना-हरकत दाखल्यासाठी पैसे मोजण्याचा सल्ला तुम्हाला पहिल्याच आठवड्यात मिळेल. एक पैसाही देण्याआधी महापालिकेला लेखी विचारा, की माझ्या प्रस्तावासाठी हा दाखला तुम्ही मागता का, आणि कुठल्या आदेशाने? ते उत्तर हातात घेऊन महसुली कामं पाहणाऱ्या वकिलाला भेटा.

झोन दाखला आणि भाग नकाशा. दोन्ही नगररचना विभागाकडून. झोन दाखला म्हणजे तुमचा सर्व्हे नंबर कुठल्या झोनमध्ये, त्यावर आरक्षण किंवा रस्ता आहे का, याचं लेखी उत्तर. भाग नकाशा म्हणजे विकास योजनेतला तुमच्या जागेपुरता तुकडा. लोकसेवा हक्क कायद्याखाली झोन दाखल्याला ७ दिवस आणि भाग नकाशाला ३ दिवस असा कालावधी आहे. सेवा, मुदत, शुल्क आणि अपिलीय अधिकारी यांचा फलक कार्यालयात लावणं बंधनकारक आहे. तो फलक मोबाइलवर टिपून ठेवा. मुदतीत काम झालं नाही तर ३० दिवसांत अपील करता येतं आणि दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्या फलकाचा फोटो दाखवून विचारलं की बरीच कामं अपिलाआधीच मार्गी लागतात.

अर्ज करताना एक खबरदारी घ्या. या भागात जमिनींना जुना सर्व्हे नंबर आणि नवा सर्व्हे नंबर असे दोन नंबर चालतात. वडिलांच्या खरेदीखतावर जुना, सातबाऱ्यावर नवा, नकाशावर भलताच हिस्सा, असा घोळ नेहमीचा आहे. अर्जात गावाचं नाव, जुना नंबर, नवा नंबर आणि हिस्सा, चारही लिहा. एक आकडा चुकला तर शेजारच्या खाजणाचा झोन दाखला तुमच्या नावावर येईल आणि त्यावर विसंबून तुम्ही इसार देऊन बसाल.

मोजणी. २०२४ अखेरच्या सुधारित दरांप्रमाणे महापालिका हद्दीत १ हेक्टरपर्यंत नियमित मोजणीला ३,००० रुपये आणि द्रुतगतीला १२,००० रुपये. अर्ज ऑनलाइन होतो, पैसे चलनाने भरायचे. मोजणीच्या दिवशी साखळी धरायला माणूस, जेवण, गाडी असं काही मागितलं जातं. चलनाच्या पावतीबाहेर दिलेला प्रत्येक रुपया हा वरखर्च आहे, हे लक्षात ठेवून वागा. लगतच्या कब्जेदारांना नोटीस गेली का ते मात्र स्वतः तपासा. नोटीस न मिळालेला एक चुलतभाऊ अख्खी मोजणी रद्द करवू शकतो.

रस्त्याची रुंदी: इथे थांबून वाचा

गावाकडच्या जागेचं सगळं गणित या एका आकड्यावर आहे. दाट वस्तीबाहेर मूळ चटईक्षेत्र निर्देशांक १.१० आहे. समोरचा रस्ता ९ मीटरपेक्षा अरुंद असेल तर तुम्ही तिथेच थांबता, प्रीमियम भरूनही वर जाता येत नाही. रस्ता ९ मीटर किंवा त्याहून रुंद, पण १२ च्या आत असेल, तर प्रीमियम आणि टीडीआर (हस्तांतरणीय विकास हक्क) मिळून २.०० पर्यंत जाता येतं. म्हणजे २०० चौरस मीटरच्या जागेत एकीकडे २२० चौरस मीटर, दुसरीकडे ४००. दोन्ही रस्त्यांच्या रुंदीतला फरक कधीकधी फक्त अर्ध्या मीटरचा असतो. याशिवाय जिने, बाल्कनी वगैरेंसाठी अनुषंगिक क्षेत्र प्रीमियम भरून मिळतं. निवासी वापराला ६० टक्क्यांपर्यंत, बिगरनिवासी वापराला ८० टक्क्यांपर्यंत. गावठाणातल्या दाट वस्तीसाठी नियम वेगळे आहेत, म्हणून तुमची जागा गावठाणाच्या रेषेच्या आत की बाहेर, हे झोन दाखल्यात स्पष्ट लिहून घ्या.

आता रस्ता मोजा. टेप घ्या, सोबत एक माणूस न्या, कुंपणापासून कुंपणापर्यंत मोजा. डांबराची पट्टी मोजू नका. मग भाग नकाशावर तोच रस्ता शोधा. कोपऱ्यातल्या सूचीत अस्तित्वातला रस्ता आणि प्रस्तावित रस्ता वेगवेगळ्या खुणांनी दाखवलेले असतात. रुंदीकरणाची रेघ तुमच्या ओसरीवरून, विहिरीवरून, क्रुसावरून किंवा देवळाच्या पारावरून जाते का ते पाहा. ती रेघ किती मीटर आत येते हे नुसत्या डोळ्यांनी सांगू नका. नकाशाचं प्रमाण पाहून फुटपट्टीने मोजा.

गावात बहुतेकदा एकच सूर असतो, ‘रुंदीकरण नको’. घर जात असेल तर तो सूर बरोबरच आहे आणि हरकत घ्यायलाच हवी. पण तुमची पुढची एक मीटर मोकळी जागा जाऊन रस्ता ८ चा ९ मीटर होणार असेल, तर विरोध करण्याआधी आर्किटेक्टकडून दोन्ही बाजूंचा हिशेब करून घ्या. गेलेल्या पट्टीबद्दल टीडीआर किंवा चटईक्षेत्र मिळतं. ते लेखी हाती आल्याशिवाय ताबा पावतीवर सही करू नका. ‘आधी सही करा, सर्टिफिकेट मागून येईल’ ही फसवणुकीची नेहमीची वाट आहे.

हरकत कशी घ्याल, किती खर्च

फी शून्य. स्टॅम्पपेपर लागत नाही. नोटरी लागत नाही. वकील लागत नाही. शपथपत्र जोडावंसं वाटलं तरी शासकीय कार्यालयात द्यायच्या शपथपत्राला मुद्रांक शुल्क २००४ पासून माफ आहे. ‘हरकतीचा फॉर्म’ पाचशे रुपयांना विकणारा माणूस दिसला तर गावातल्या बाकीच्यांनाही सावध करा.

मुदत नोटिशीतच लिहिलेली असते. ती राजपत्रात नोटीस प्रसिद्ध झाल्याच्या तारखेपासून मोजतात, तुम्ही पेपरात वाचल्याच्या किंवा व्हॉट्सॲपवर आल्याच्या तारखेपासून नाही. मंजूर योजनेत किंवा नियमात नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली किरकोळ फेरबदल असेल तर हाती एक महिनाच असतो. यूडीसीपीआरमधल्या फेरबदलांच्या सूचना नगरविकास विभाग काढतो. आपल्याकडच्या हरकती बहुधा कोकण विभागाच्या नगररचना सहसंचालकांकडे, कोकण भवन, सीबीडी बेलापूर इथे मागवल्या जातात. शहराच्या योजनेच्या हरकती महापालिकेत, भाईंदर पश्चिमेच्या मुख्य कार्यालयात. नक्की कुठे, ते नोटिशीत वाचा. चुकीच्या टेबलावर दिलेली हरकत मुदतीत पोचलेली धरत नाहीत.

मसुद्याचे नकाशे आणि अहवाल पाहायला मोफत खुले ठेवावे लागतात आणि प्रती वाजवी दरात विकायला ठेवाव्या लागतात. ‘प्रती संपल्या’ असं उत्तर मिळालं तर तेच उत्तर अर्जावर लिहून मागा. माहिती अधिकारात अर्जाला १० रुपये, प्रतीला पानामागे २ रुपये आणि उत्तराला ३० दिवस लागतात. पण हरकतीची मुदतच महिन्याची असेल तर माहिती अधिकाराची वाट पाहत बसू नका. हाती आहे त्यावर हरकत द्या आणि ‘कागद मिळाल्यावर जादा मुद्दे मांडण्याचा हक्क राखून’ असं शेवटी लिहा.

हरकतीत काय लिहायचं? नाव, पत्ता, गाव, दोन्ही सर्व्हे नंबर, हिस्सा, क्षेत्र. मसुद्यातला शीट क्रमांक किंवा नियमाचा क्रमांक. मग नेमकं काय खटकतं ते दोन-तीन वाक्यांत. मग तुम्हाला काय हवं ते. हा शेवटचा भाग लोक विसरतात. ‘अन्याय झाला आहे’ एवढ्यावर समितीला काही करता येत नाही. ‘माझ्या हिश्श्यातून दाखवलेला १८ मीटर रस्ता उत्तरेच्या सरकारी पडीक जमिनीवरून न्यावा, सोबत नकाशा’ यावर करता येतं. व्यापारी वापराबद्दल बोलायचं असेल तर तसंच नेमकं बोला. ‘गावठाणातल्या ६ मीटर रस्त्यावर तळमजल्याला ठरावीक क्षेत्रापर्यंत दुकान चालू द्यावं’, ‘मासळी सुकवण्याच्या जागेला लागून लॉजचा वापर देऊ नये’, ‘कौलारू उताराच्या छपराला मजल्याच्या उंचीत सूट द्यावी’. कोळीवाड्यात सुकवणीची मोकळी जागा, जाळी विणायचा ओटा, बर्फाच्या गाडीला वळायला जागा या गोष्टी मुंबईत किंवा पुण्यात बसलेल्या नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर नसतात. त्या त्याच्यापुढे मांडणारं तुमच्याशिवाय दुसरं कोणी नाही.

शेवटी ‘सुनावणीस हजर राहू इच्छितो’ हे वाक्य न चुकता घाला. दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. ती पोच म्हणजेच तुमचा पुरावा. ईमेलचा पत्ता नोटिशीत दिलेला असेल तर ईमेलही करा, पण कागद द्याच. एकाच मजकुराच्या हजार झेरॉक्सवर सह्या घेण्यापेक्षा पन्नास जणांनी आपापल्या सर्व्हे नंबरासह वेगळी हरकत दिलेली जास्त उपयोगी. झेरॉक्सचा गठ्ठा एकत्र ऐकून एकाच शेऱ्यात निकाली निघतो.

सुनावणी नियोजन समितीपुढे होते. स्थायी समितीचे तीन सदस्य आणि बाहेरून नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार. तुमच्या वाट्याला काही मिनिटंच येतात. मूळ कागद, नकाशाची झेरॉक्स, जागेचे तीन-चार फोटो, एवढंच न्या. भाषण करू नका, नकाशावर बोट ठेवून दाखवा. त्यानंतर योजना राज्य सरकारकडे जाते. तिथे सारभूत फेरबदल झाले तर त्यांवर पुन्हा हरकती मागवतात. ही दुसरी संधी अनेकांच्या लक्षातच येत नाही. ती नोटीस राजपत्रात निघते, तेव्हा आठवड्यातून एकदा राजपत्राचं संकेतस्थळ उघडून पाहायची जबाबदारी गावातल्या एखाद्या शिकलेल्या मुलीवर किंवा मुलावर सोपवा.

बोललं की फरक पडतो का? मेट्रो ९ ची कारशेड राई, मुर्धे, मोर्वा परिसरात येणार होती. गावांनी विरोध केला, कारशेड डोंगरीला न्यायचं ठरलं. डोंगरीकरांना मग त्याचा जाच झाला, हेही तितकंच खरं. जो पट्टा गप्प राहतो, तिकडे ओझं सरकतं.

परवानगीचा खर्च

नियम तुमच्या बाजूने असतील तर मग बांधकाम परवानगी. आर्किटेक्ट किंवा परवानाधारक अभियंत्यामार्फत प्रस्ताव ऑनलाइन जातो. आर्किटेक्टचा कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरचा नोंदणी क्रमांक आधी तपासा. फी ठरलेली नसते. ती लेखी घ्या, टप्प्यांत द्या आणि शेवटचा हप्ता भोगवटा दाखला हाती आल्यावरच, हे करारात घाला. ‘ऑफिसचा खर्च’ नावाची ओळ अंदाजपत्रकात दिसली तर ती खोडून टाका. सरकारी शुल्क तुम्ही स्वतः ऑनलाइन भरा, पावती तुमच्या नावाची.

विकास शुल्कात निवासी आणि व्यापारी यांत मोठा फरक आहे. निवासी वापराला रेडीरेकनरमधल्या जमीनदराच्या ०.५ टक्के जागेसाठी आणि २ टक्के बांधकामासाठी. व्यापारी वापराला १ टक्का आणि ४ टक्के. हिशेब करून पाहू. समजा दर चौरस मीटरला २०,००० रुपये, प्लॉट १५० चौरस मीटर, बांधकाम १०० चौरस मीटर. घर असेल तर १५,००० अधिक ४०,०००, म्हणजे ५५,०००. दुकान असेल तर ३०,००० अधिक ८०,०००, म्हणजे १,१०,०००. वर घर, खाली गाळा असेल तर दोन्हींची आकारणी वेगवेगळी करून मागा, सगळं व्यापारी धरलेलं मान्य करू नका. तुमच्या विभागाचा दर नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर फुकट दिसतो. नवे दर १ एप्रिलला लागू होतात, त्यामुळे मार्चमध्ये पूर्ण कागद तयार असतील तर एप्रिलची वाट पाहू नका.

यावर कामगार उपकर, बांधकाम खर्चाच्या १ टक्का. छाननी शुल्क, अनामत, अग्निशमन, झाडं असतील तर वृक्ष प्राधिकरण, पाणी आणि मलनिःसारणाचं शुल्क. प्रीमियम घेतलात तर तो या सगळ्यांपेक्षा मोठा आकडा. या सर्वांची एकत्र मागणी यादी महापालिकेकडून निघते. ती येण्याआधी कुणाला ‘टोकन’ देऊ नका.

एनएच्या, म्हणजे बिगरशेती परवानगीच्या, नावाखालीही पैसे जातात. अंतिम विकास योजनेत ज्या वापरासाठी जागा दाखवली आहे, त्या वापरासाठी महसूल संहितेच्या कलम ४२ब मुळे वेगळ्या एनए परवानगीची गरज राहिलेली नाही. त्यासाठी देय असलेला कर किंवा अधिमूल्य तेवढं भरायचं असतं. मिरा-भाईंदरच्या अपर तहसीलदार कार्यालयात आकारणी करून चलन घ्या. ‘एनए ऑर्डर आणून देतो’ म्हणणाऱ्याला विचारा, कुठल्या कलमाखाली?

किनारा किंवा खाडी जवळ असेल तर सीआरझेड, म्हणजे किनारा नियमन क्षेत्र. समुद्राच्या बाजूने भरतीरेषेपासून ५०० मीटर. खाडीच्या बाजूने २०१९ च्या अधिसूचनेप्रमाणे ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांत जे कमी असेल ते. १,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या कांदळवनाभोवती आणखी ५० मीटरचा पट्टा. कांदळवनावर भराव टाकून ‘जागा तयार करून देतो’ म्हणणाऱ्याच्या जवळपासही जाऊ नका. गुन्हा जमीनमालकावर नोंदवला जातो, डंपरवाला पसार होतो.

आडवाटा आणि त्यांची किंमत

परवानगीसाठी नगररचना कायद्यात ६० दिवस आहेत. तेवढ्यात उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाल्याचं समजतात, हे अर्धंच खरं. प्रस्ताव नियमांत तंतोतंत बसत असेल तरच. नसेल तर ती मानीव परवानगी तुम्हाला वाचवत नाही. नाकारली गेली तर कलम ४७ खाली ४० दिवसांत राज्य सरकारकडे अपील आहे, तो मार्ग घ्या.

‘आधी शेड मारू, घरपट्टी लावून घेऊ, मग आपोआप अधिकृत होईल.’ हा सल्ला गावागावांत मिळतो आणि त्यानेच सर्वांत जास्त लोक बुडतात. घरपट्टीची पावती, वीजबिल किंवा ग्रामपंचायतीच्या काळातला जुना दाखला म्हणजे बांधकाम परवानगी नव्हे. ग्रामपंचायतींचा काळ केव्हाच संपला, २००२ पासून महापालिका आहे. अनधिकृत बांधकामावर मालमत्ताकराच्या दुप्पट शास्ती महापालिका अधिनियमाच्या कलम २६७अ खाली लागू शकते. नगररचना कायद्याच्या कलम ५२ खाली एक महिना ते तीन वर्षं कैदेची तरतूद आहे आणि कलम ५३ ची नोटीस आली की तुमच्या खर्चाने पाडायचं. शेडवर घातलेले दोन-तीन लाख, दुप्पट कर, वकील, पाडकाम, सगळं जोडून पाहा.

गाळे बांधून विकणार असाल आणि प्लॉट ५०० चौरस मीटरच्या वर आणि गाळे आठहून जास्त असतील, तर महारेरा नोंदणी आधी, जाहिरात नंतर. गाळा विकत घेणार असाल तर लागू असेल तिथे तीच नोंदणी, मंजूर नकाशा आणि भोगवटा दाखला पाहिल्याशिवाय इसार देऊ नका. मंजूर नकाशावर ‘पार्किंग’ लिहिलेल्या जागेत शटर बसवून विकलेले गाळे कागद पाहिले की लगेच उघडे पडतात.

बांधकाम सुरू करण्याचा दाखला एक वर्ष चालतो, पुढे वर्षा-वर्षाची मुदतवाढ घ्यावी लागते. जोत्यापर्यंत आल्यावर तपासणी करून घ्या. इथे एक फूट सरकलेली भिंत परत आणता येते, स्लॅब पडल्यावर नाही.

जागेवर आरक्षण निघालं असेल तर घाबरून मातीमोल विकू नका. अंतिम योजना लागू झाल्यापासून दहा वर्षांत संपादन झालं नाही तर नगररचना कायद्याच्या कलम १२७ ची नोटीस देता येते आणि नोटिशीनंतर २४ महिन्यांत पावलं उचलली नाहीत तर आरक्षण गळून पडतं. ही नोटीस मात्र वकिलाकडूनच द्या, कारण तिच्यात एक कागद कमी पडला की ती फेटाळली जाते.

या आठवड्यात एवढं करा. सातबारा काढा, झोन दाखला आणि भाग नकाशाला अर्ज द्या, रस्ता टेपने मोजा आणि महापालिकेच्या व नगरविकास विभागाच्या संकेतस्थळावर हरकतींची एखादी नोटीस खुली आहे का ते पाहा. खुली असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी हरकत द्या आणि पोच घेऊन या.